मिनिटवाल्याच्या लेकीचं हॉटेल

कचेरीत त्याला सगळे मिनिटवाला म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. शहर बघायला येणाऱ्या लोकांना हॉटेलं सुचवणारी ती कचेरी. कोणतं हॉटेल सोयीचं, तिथून काय काय जवळ, याचं एक छापील पत्रक गिऱ्हाइकाच्या हातात पडायचं, आणि त्या पत्रकातलं एकूण एक मिनिट या माणसाने स्वतः चालून काढलेलं होतं. हॉटेलवाल्यांचं काय, त्यांच्या जिभेला हाड नसतं. 'संग्रहालय पाच मिनिटांवर' असं बेधडक ठोकून देतात. हा गृहस्थ हॉटेलच्या दारात उभा राहून घड्याळ लावायचा आणि संध्याकाळी चौदा मिनिटं लिहून आणायचा.

त्याची चालायचीही एक तऱ्हा होती. एकटा माणूस झपझप जातो, म्हणून तो एकट्यासारखा कधी चालतच नसे. खांद्याला पाच किलोची पिशवी अडकवायची, प्रत्येक सिग्नलला थांबायचं, मध्येच कुठेतरी दोन मिनिटं टेकायचं. का, तर पर्यटक म्हणजे काही पोस्टमन नव्हे. त्याच्याबरोबर पोर असतं, पोराला तहान लागते, बायकोची चप्पल चावते. नोकरीच्या सुरुवातीला तर तो रविवारी खरोखरच बायकोला आणि चिमुरड्या लेकीला घेऊन मिनिटं मोजायला निघे. लेक भर रस्त्यात बसकण मारायची आणि हा बाप तिला उचलायच्या आधी घड्याळ बघायचा. बायको विचारायची, पोरीचं रडणंही धरलंय ना हिशेबात? धरलेलं असायचंच. साहेब कधीतरी हळूच म्हणायचे, हॉटेलवाला आपला ओळखीचा आहे, दोन मिनिटं कमी लिहा. हा मान डोलवायचा आणि चौदाची चौदाच लिहायचा. नाकासमोर चालणारा माणूस, दुसरं काय!

लेक लग्न करून परदेशी गेली. दोन वर्षांपूर्वी बायकोही गेली, चार दिवसांच्या आजारात. लेकीला तेव्हा येता आलं नाही. नात तापाने फणफणली होती. त्यानंतरही मिनिटवाला कामावर जात राहिला, आणि सांगायला नको पण सांगतो, अजूनही तो तिघांच्याच चालीने चालायचा. रस्त्यातले लोक त्याला मागे टाकून पुढे जायचे. घरी आला की रेडिओ लावायचा, ऐकायला नव्हे, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून.

अशात एका सकाळी लेकीचा फोन आला. आम्ही तिघं चार दिवसांसाठी येतोय, म्हणाली. याला शहर बघायचंय, पोरीलाही दाखवायचंय. मग म्हणाली, बाबा, सोयीचं हॉटेल तुम्हीच सांगा, तुमच्याइतकं यातलं कोणाला कळतं?

हॉटेल! 'येतोय' म्हटल्याबरोबर हा मनातल्या मनात गाद्या घालून मोकळा झाला होता. लेकीने कारणंही सांगितली. दोनच खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, तुम्हाला उगाच दगदग. तो म्हणाला, हो, बरोबर आहे. फोन ठेवून तो स्टुलावर टेकला. हॉटेलात उतरू देत, पण एकदा तरी घरी यावीत, बास. एवढं एकच त्याला हवं होतं.

आता त्याच्या घरापासून चार इमारती सोडून एक हॉटेल होतं. स्वच्छ, हवेशीर, माणसं भली. खोट एकच, तिथून शहरातलं बघण्यासारखं काहीही जवळ नव्हतं. पण लेक तिथे उतरली तर सकाळी चहाला डोकावेल, संध्याकाळी पोरीला ठेवून जाईल. तो कागद घेऊन बसला. 'संग्रहालय' लिहिलं, आणि पुढे घोडं अडलं. खरी मिनिटं पंचावन्न, एकदा बस बदलून. तीस लिहिली असती तर कोण येणार होतं तपासायला? अहो, लिहायची होती! बाप होता तो, छापखाना नव्हता. पण तीन दिवस कागद तसाच पडून राहिला आणि चौथ्या दिवशी त्याने शहराच्या मधोमध असलेलं हॉटेल सुचवलं. नदीकाठ सहा मिनिटं, संग्रहालय नऊ, जुना बाजार अकरा, प्राणिसंग्रहालय सतरा. अगदी खाली, जरा जागा सोडून, त्याने लिहिलं, आपलं घर पंचावन्न.

मग तो तयारीला लागला. दोन नव्या गाद्या आणल्या, न जाणो एखादी रात्र राहिली तर. न्हाणीघरात टॉवेलचा हूक नातीचा हात पोचेल इतका खाली ठोकला. ठोकताना अंगठा ठेचला, पण त्या वेळी त्याला तेही बरं वाटलं.

लेक आली. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, मी येऊ का बरोबर हिंडायला? जावई म्हणाला, तुम्ही कशाला उन्हात, तुमची यादी आहे ना. तेव्हा तो संध्याकाळी हॉटेलात जायचा आणि खालच्या सोफ्यावर वाट बघत बसायचा. ती तिघं हिंडून यायची, पोरगी पेंगुळलेली, लेकीचे पाय दुखत असायचे. पंधरा-वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. 'उद्या नक्की घरी येऊ' असं लेक तीनदा म्हणाली. जावयाला तर कौतुक आवरत नव्हतं. काय जागा शोधलीत, बाबा, म्हणाला, कुठे गाडीसुद्धा करावी लागली नाही. मिनिटवाला हसला. बसने घरी जाताना मात्र स्वतःलाच शिव्या घालत गेला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि वर तो नऊ मिनिटं, सहा मिनिटं असा मोजून.

चौथ्या दिवशी दुपारी तो गेला तेव्हा बॅगा खाली आलेल्या होत्या. अर्ध्या तासाने टॅक्सी येणार होती. जावई काउंटरवर किल्ली परत करत होता. नात मिनिटवाल्याशेजारी सोफ्यावर येऊन बसली, पाय हलवत. चार दिवस आजोबा तिला याच सोफ्यावर भेटले होते.

"आजोबा, तुम्ही कुठल्या हॉटेलात उतरलाय?" तिने विचारलं.

"लांबच्या," तो म्हणाला.

"मग आमच्या हॉटेलात यायचं ना. इथून सगळं जवळ आहे."

लेकीने ते ऐकलं. तिने नवऱ्याला हाक मारून सांगितलं की हिला जरा बाहेरची बाग दाखवून आण. ती दोघं गेल्यावर ती बापाशेजारी बसली. बराच वेळ पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली.

"बाबा, घर लांब आहे म्हणून आले नाही, असं नाहीये."

"चूक माझीच आहे," तो म्हणाला. "आपल्या गल्लीतलं हॉटेल सुचवायला हवं होतं."

"तरी आले नसते. शेजारच्या दारात उतरले असते तरी आले नसते." तिने चेन पुन्हा लावली. "दोनदा टॅक्सीत बसले होते मी, एकटीच. अर्ध्या रस्त्यातून परत फिरवली. बेल वाजवायची आणि आईने दार उघडायचं नाही, हे मला नाही झेपत."

चार दिवस तो त्या पंचावन्न मिनिटांना दोष देत होता, आणि त्यांचा काही संबंधच नव्हता. लेकीचा राग यावा असं त्याला वाटलं, पण राग येईना. तिचं काय चुकलं होतं?

"मलाही नाही झेपत गं," तो म्हणाला. "पण मला रोज तिथेच जायचं असतं."

तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नव्हता. पण लेकीने त्याच्याकडे असं पाहिलं की दोन वर्षांत तिच्या हे एकदाही मनात आलं नव्हतं हे त्याला कळलं. तिने त्याचा हात घट्ट धरला. त्याच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख तिला दिसलं. हे काय झालं, असं तिने विचारलं. काही नाही, हूक ठोकताना लागलं, असं तो म्हणाला, आणि कसला हूक ते त्याने सांगितलं नाही.

टॅक्सी आली. ड्रायव्हरने बॅगा ठेवल्या, जावई आणि नात आत बसली. लेक दारात उभीच, त्याचा हात धरून. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला तरी तिने हात सोडला नाही. शेवटी त्यानेच तिची बोटं एकेक करून सोडवली, नाहीतर विमान चुकलं असतं.