नळीवरची जागा

सायकलच्या दुकानात पंक्चर काढून घेत उभा होतो. शेजारी एक तरुण आई आपल्या जाड टायरच्या, गिअरवाल्या सायकलला लेकीसाठी सीट निवडत होती. लेक असेल दोनेक वर्षांची. दुकानदार मागची सीट दाखवत म्हणाला, "ताई, हीच घ्या. पुढे लावली तर पेडल मारताना गुडघे आपटतील."

"मागे बसली तर तिला नुसती माझी पाठच दिसेल ना, दादा," ती म्हणाली. "पुढचीच लावा."

त्याने लावली. तिने सीट गदागदा हलवून पाहिली, पट्टा ओढून पाहिला, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून लेकीच्या पायांना लागत नाही ना, ते बघितलं. मग लेकीला हेल्मेट घालून गल्लीत एक चक्कर मारली. गुडघे दोन्ही बाजूंना काढून, अगदी बेढब. लोक बघत होते, तिला त्याचं काही नव्हतं. लेक तर सायकल आपणच चालवतोय अशा थाटात दिसेल त्या कुत्र्याला हाका मारत होती.

मी बघतच राहिलो. माझ्या लहानपणी असली सीट कुठली! वडील पुढच्या नळीला टॉवेल गुंडाळायचे आणि मला त्यावर बसवायचे. सगळा रस्ता आधी मला दिसायचा, मग त्यांना. तेही असेच गुडघे फाकवून सायकल चालवायचे. मी मोठा होऊन नळीवरून उतरलो, तरी ते शेवटपर्यंत तशीच चालवत राहिले. आम्हा भावंडांना वाटायचं, त्यांची ढबच तशी आहे.