तलवारबाजांचे टेन्शनवरचे घरगुती उपाय

बरीच वर्षं तलवारबाजी शिकवली की कपाटात मेडल कमी आणि डोक्यात किस्से जास्त जमतात. आमच्या संभाजीनगरच्या हॉलमध्ये पोरं तलवार धरायला माझ्याकडून शिकली. पण मॅचआधीच्या धडधडीवरचा उपाय मात्र ज्यानं त्यानं आपापल्या घरून आणला!

*

आसिफला टेन्शन हा शब्दच मान्य नव्हता. "मॅडम, मेरेकू कुछ नहीं होता!" म्हणत तो छाती काढून मैदानात उतरला. ऐटीत सलाम ठोकला. पंच त्याच्याकडे बघतच राहिले.

"क्या हुआ, सर?"

"बाळा, तलवार कुठंय?"

तलवार माझ्याजवळ होती. बॅगेत!

*

कन्नड तालुक्यातला सागर मॅचआधी आईला फोन करायचा. मॅचबद्दल चकार शब्द नाही. "म्हैस काय करती? चारा खाल्ला का तिनं?"

एकदा आई म्हणाली, "म्हैस बरी हाय रं. तू घाबरू नको."

सागर भडकलाच. "म्या कुठं घाबरलो? म्हशीचं इचारतोय नव्हं!"

आणि त्याच रागात सामना जिंकून आला. आता ती माउली दरवेळी मुद्दाम तेच म्हणते.

*

एकदा पोरांचा आत्मविश्वास वाढवायला शहरातले एक तज्ज्ञ आले. सगळ्यांना गोल बसवलं. "डोळे मिटा. शांत जागा आठवा. श्वास सोडा."

थोड्या वेळानं हॉलमध्ये घोरणं ऐकू आलं. पोरं इतकी हसली की सगळ्यांचं टेन्शन तिथंच संपलं. तज्ज्ञ म्हणाले, "उत्तम! हाच परिणाम हवा होता!"

घोरत मी होते.

*

आणि आमची बजाजनगरची प्रतीक्षा. ही पोरगी प्रत्येक मॅच रडत खेळते. हे फक्त मला माहीत होतं. मी समजावलं तर म्हणायची, "जाळीच्या मास्कच्या आत कोण बघतंय, मॅडम?"

यंदा तिचं घरी ठरलं होतं. राज्याच्या संघात निवड झाली तर खेळ चालू, नाही तर वाळूजच्या कंपनीत नोकरी. निवडीचा शेवटचा सामना आला चौदा-चौदावर, पंधरावा घेईल ती जिंकणार. आता एकच पॉइंट! आणि पंचांनी हात वर केला. हिच्या मास्कचा पट्टा तुटला होता. "मास्क बदला."

काढावाच लागला. अख्ख्या हॉलला दिसलं: डोळे लालभडक, नाक वाहतंय. समोरच्या पोरीनं तिच्या कोचकडे बघून मान हलवली, झालंच काम म्हणून. धावत जाऊन लेकराला जवळ घ्यावंसं वाटलं. पण तिच्या हातात नुसता दुसरा मास्क दिला आणि मागं झाले.

खेळ सुरू झाला. दोघी पुढं झेपावल्या. बझर वाजला. दिवा लागला आमच्या बाजूचा, पॉइंट आमचा!

समोरची मास्क काढून बघतच राहिली. "अगं, तू तर रडत होतीस ना?"

प्रतीक्षानं बाहीला नाक पुसलं.

"व्हय की. अजून रडतेच हाय!"