पाठ करून बसलेली बाई

"ताई, त्यांचा हात हातात घ्या. सगळ्यांना दिसू द्या."

मॅडम माईकवर बोलल्या. यवतमाळचा एक हॉल. समोर नर्सा, कॉलेजची मुलं, संस्थांची माणसं. स्टेजवर दोन खुर्च्या, त्यांवर मी आणि माझा नवरा. बाजूला मोठा पडदा, आणि पडद्यावरही आम्हीच. आमचं घर. आमची चूल. नवरा जेवतो आहे. हात थरथरतो, भात हनुवटीवरून छातीवर सांडतो, तो वेचून पुन्हा तोंडात घालतो. आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले आहे.

मॅडमनी छडीने पडद्यावरची माझी पाठ दाखवली होती. म्हणाल्या होत्या, "बघा. जेवण संपेपर्यंत ही बाई एकदाही वळून पाहत नाही. सेवा चालू आहे, पण जवळीक संपली आहे." मुलं लिहून घेत होती. पुढच्या रांगेतली एक बाई "बिचारा" म्हणाली. मला ऐकू आलं, म्हणजे त्यालाही आलंच. तो पडद्याकडे बघत होता आणि शर्टाची कॉलर सारखी वर ओढत होता. सत्कार आहे असं सांगून आम्हाला आणलं होतं, म्हणून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या नेरकडच्या गावात कोणीही यायचं. पेपरवाले, पुढारी, गाडी भरभरून अभ्यास करणारे. सगळे वर गावात थांबायचे, कारण शेतं तिकडच्यांची. खाली आमच्या बौद्धपुऱ्यात कोण येतो? आम्ही शेतकरी नव्हतो. शेतकऱ्याच्या शेतातले मजूर होतो. मेलो तरी कुणाच्या हिशेबात नाही.

नवरा पाटलाच्या कपाशीवर फवारा मारायचा. पाठीवर पंप, तोंडाला माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी. एका दुपारी तो कपाशीच्या ओळीतच आडवा झाला. विष अंगात भिनलं होतं. दवाखान्यातून जिवंत आला, पण हात कामातून गेले, जीभ जड झाली. पाटील गावभर सांगत सुटला, "पिऊन फवारत होता." ज्या माणसाने उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल.

घरी आल्यावर तो जेवेना. भरवायला गेले तर ताट ढकललं. समोर बसले तर घास खाली ठेवला. बरगड्या दिसायला लागल्या. मी रडले, भांडले, पाया पडले. काही उपयोग नाही. मग एकदा मी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होते आणि मागे ताट वाजलं. मी वळले नाही. पीठ संपलं तरी थापल्यासारखं करत राहिले. त्या दिवशी तो पोटभर जेवला. तेव्हापासून तो जेवताना मी पाठ करून बसायची. त्याबद्दल आम्ही दोघं चकार शब्द बोललो नाही. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांच्या इतके जवळ कधी आलो नव्हतो, हे मला तेव्हा कळत होतं आणि बरं वाटत होतं.

अशात मॅडम आल्या. गावची आशाताई त्यांना घेऊन आली. म्हणाली, "मनाच्या डॉक्टर हाएत. नवरा-बायकोच्या नात्यावर अभ्यास करून राह्यल्या. घरातल्या दुखणाईताले कोन कसं सांभाळते, ते पाह्यतेत."

मला पहिल्या दिवसापासून शंका. त्यांची जीप पाटलाच्या अंगणात उभी राहायची. जेवण तिकडे, झोपणं तिकडे. आमच्याकडे पाणी दिलं तर "नको, आत्ताच प्यायले" म्हणायच्या, आणि आमच्याच दारात पर्समधली बाटली काढून प्यायच्या. हे पाणी नको म्हणणं आमच्या सात पिढ्यांच्या ओळखीचं आहे. वाटलं, दारूचं सिद्ध करायला पाटलानेच पाठवलं असेल. मी विचारलंच, "पाटलाचं काम हाय काय हे?"

मॅडम हसल्या. "छे हो. मी फक्त नातं बघते."

व्यापारी मुठीत दाबून कापूस बघतो, तसं नातं बघणार. तरी मी हो म्हटलं. आशाताई म्हणाली होती, "यायच्या ओळखीनं नागपूरले मोठा डॉक्टर भेटन." त्या एका आशेवर.

मॅडमनी मला विचारलं, घरात कॅमेरा लावला तर चालेल ना? मग त्याच्याकडे बोट करून विचारलं, "यांना कळतं का बोललेलं?"

तो समोरच बसला होता. मी म्हटलं, "सगळं कळते त्यायले." तरी त्याला कुणी काही विचारलं नाही. कोपऱ्यात तीन पायांवर कॅमेरा उभा केला आणि म्हणाल्या, "नेहमीसारखं राहा." सकाळभर आम्ही अवघडलेले होतो. दुपारी भूक लागली तेव्हा तो कॅमेरा घरातल्या डब्यांसारखाच झाला होता.

आणि आता तो हॉल.

"घ्या ना हात. लाजू नका," मॅडम म्हणाल्या. लोक हसले. मायेने हसले. अशा हसण्याचीच मला जास्त भीती वाटते.

सगळं ओठांवर आलं होतं. पाठ का करते, ते सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. मॅडमनी तेही टिपून घेतलं असतं. मी पास झाले असते. पण त्यासाठी त्याची लाज मला पुन्हा एकदा त्या हॉलभर पसरावी लागली असती. डोकं एकदम स्वच्छ झालं. यांच्यासमोर मी परीक्षा द्यायचीच कशाला? कोणी बसवलं मला परीक्षेला?

मी उठले. "नाही घेत हात. आधी ते बंद करा."

"ताई, तुमचा गैरसमज होतोय."

"बंद करा. त्यायले दिसून राह्यलं ते."

मशीनजवळच्या माणसाने मॅडमकडे पाहिलं. मग मी स्टेजवरून उतरले आणि भिंतीतली पिन उपसली. पडदा गेला. परत येऊन नवऱ्याला म्हटलं, "चाला." तो खुर्ची धरून स्वतः उठला. जीप नको म्हटलं. एसटीने नेरला आलो.

त्यानंतर मी पाठ केली तरी तो जेवेना. मी दार लोटून बाहेर ओट्यावर बसायला लागले. बऱ्याच दिवसांनी आत ताट वाजलं.

मॅडम पुन्हा आल्या, पेढे घेऊन. मी दारातच उभी राहिले.

"कुठं कुठं दाखवलं ते?"

"नाव कुठेच दिलेलं नाही."

"नाव नाही देल्लं, तोंड देल्लं."

"तुमची परवानगी घेतली होती, ताई."

"माही घेतली. त्यायची कोनं घेतली?"

त्या पेढे ओट्यावर ठेवायला वाकल्या. मी म्हटलं, "उचला ते." उचलले आणि गेल्या. त्यांची फिल्म अजून कुठल्या हॉलात फिरते, मला ठाऊक नाही. फिरत असणारच.

आता वस्तीत कोणी वही, कॅमेरा घेऊन आलं की बाया आधी मला हाक मारतात. मी विचारते, काय नेणार, कुणाला दाखवणार, आणि ज्याचं दुखणं आहे त्याला विचारलं का? उत्तर मिळालं नाही तर उंबऱ्याच्या आत पाय नाही. लोक म्हणतात, बाई संशयी झाली. झाले.

हे लिहायच्या आधी मी नवऱ्याला विचारलं. तो जड जिभेने म्हणाला, "लिव्ह. पन मी म्हनन तेवढंच." मी एकेक ओळ वाचून दाखवली. तो मान हलवेल ते ठेवलं, बाकीचं खोडलं. बरंच खोडलं. ते आमचं आहे. ते मागायला कोणी येऊ नका. आलात तर दारात मी उभी असेन.