सतरा नंबरचा संदर्भ

कॉमाशेठ कोणताही लेख शेवटापासून वाचत. तुम्ही वीस पानं समोर ठेवली की ते आधी शेवटची तीन उचलणार, संदर्भांच्या यादीखाली लाकडी पट्टी ठेवणार आणि ओळीओळीने वर सरकत जाणार. आधीच्या सतरा पानांशी त्यांना फारसं कर्तव्य नसे. "विषय मला कळत न्हाई, रांग कळते," असं ते म्हणत, आणि त्यात संकोच अजिबात नसे.

मंचरला हायवेच्या अंगाला त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानातलं जैन, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या. भाऊ बाजारात कांदा-बटाट्याच्या आडतीत होते. हे एकटे टंकलेखन यंत्रापाशी रमले, पुढे कॉम्प्युटरपाशी. जुन्नर-आंबेगावातल्या कॉलेजांचे आम्ही सगळे प्राध्यापक शोधनिबंध घेऊन त्यांच्याकडेच जायचो. प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा वेगळी. कुणाला साल कंसात हवं, कुणाला शेवटी; कुणाला आडनाव आधी, कुणाला नाव. शेठना या सगळ्या तऱ्हा तोंडपाठ होत्या. कॉमा कुठे आणि पूर्णविराम कुठे यावरून ते इतके वाद घालत की त्यांचं खरं नाव पुसूनच गेलं.

यादीच्या बाबतीत त्यांचे दंडक ठरलेले. "मजकुरात आलेलं पावणं यादीत पायजे, आन यादीतलं पावणं मजकुरात दिसलं पायजे. एकाला बोलावलं आन पानच मांडलं न्हाई, असं नको." आमच्याकडची खोड अशी, की लेखकांच्या नावामागे प्रा., डॉ. लावल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. ते शेठ एकेक करून काढून टाकत. "डॉक्टरकी भाएर काढून ठेवा, चपलेवानी. यादीत सगळे सारखे." एका गृहस्थांना आपल्या प्राचार्यांचं पुस्तक यादीत सर्वांत वर हवं होतं. प्राचार्यांचं आडनाव व-वरून सुरू होणारं. शेठ शांतपणे म्हणाले, "राव, सायबांना अ-वरनं आडनाव घ्यायला सांगा, लगेच वर घेतो."

सूर्यास्तानंतर ते काही खात-पीत नसत. त्यामुळे दिवस कलायला लागला की दुकान बंद. कुणाची मुदत त्याच रात्री संपत असली तरी फरक पडत नसे. "मुदत तुमची, सूर्य माझा," म्हणत ते शटर ओढायचे. लोक चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात उभे राहायचे. मीही त्यातलीच.

त्यांचा सगळ्यांत तापदायक प्रश्न म्हणजे, "हा हातात घेतलाय का?" यादीतल्या प्रत्येक संदर्भावर बोट ठेवून ते हे विचारत. पुस्तक, लेख, अहवाल, जे काही असेल ते तुम्ही स्वतः उघडून पाहिलंय का, एवढंच त्यांना हवं असे. हो म्हटलं की पेन्सिलीने बरोबरची खूण, नाही म्हटलं की गोल.

माझा निबंध खोडद-पिंपळवंडी पट्ट्यातल्या बांधावरच्या कुंपणांच्या वनस्पतींवर होता. तो छापून आला तरच माझी बढतीची मुलाखत होणार होती, आणि पाठवायला एकच दिवस उरला होता. शेठ पट्टी सरकवत सतराव्या संदर्भाशी आले. जुना लेख होता. या कुंपणांची नोंद पूर्वीही झालेली आहे, असं मी त्याच्या आधारावर लिहिलं होतं. मी तो दुसऱ्या एका प्रबंधाच्या यादीतून जसाच्या तसा उचललेला.

"हा हातात घेतलाय का?"

मी हो म्हटलं, पण जरा उशिरा. त्यांनी पट्टी तिथेच थांबवली.

"मॅडम, आणून दाखवा. न्हाईतर काढून टाका."

काढायचा तर दोन पानं नव्याने लिहावी लागणार होती, आणायचा तर पुण्याची लायब्ररी गाठावी लागणार होती. मी रडकुंडीला आले, मग भांडले. "तुमचं काम कॉमा टाकायचं, शेठ. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"नोकरी तुमची हाये, पण यादी माझ्या हातनं जातीय," ते म्हणाले. बाहेर ऊन उतरलं होतं. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

मी पेन ड्राइव्ह उचलला आणि हायवेवरच्याच दुसऱ्या दुकानात गेले. तिथे कुणी काही विचारलं नाही. निबंध वेळेत गेला, छापून आला, मुलाखत झाली, बढती मिळाली. अंक हातात पडल्यावर तो घेऊन मी मुद्दाम शेठकडे गेले. मला त्यांची जिरवायची होती, हे कबूल करते. त्यांनी अंक शेवटून उघडला, पट्टी लावली, एकेक खूण करत गेले आणि सतरावर पेन्सिलीने गोल केला. अंक मिटून परत दिला. "छपाई चांगली झाली," एवढंच म्हणाले. घरी येऊन मी तो गोल खोडरबराने पुसला.

दरवर्षी संवत्सरीला ते सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून क्षमा मागत. त्या वर्षी मलाही फोन आला. "मिच्छामि दुक्कडम्, मॅडम. वरीसभरात काय वाकडं बोललो आसंल, मन दुखावलं आसंल तर माफ करा." मग म्हणाले, "सतरा नंबरबद्दल न्हाई हां. ते बरोबरच व्हतं." मीही हसून "मिच्छामि दुक्कडम्" म्हटलं. पुढची पाच-सहा वर्षं आमचं हे चालू राहिलं. त्या शब्दांची एक सोय आहे, कशाबद्दल ते सांगावं लागत नाही. तिचा मी पुरेपूर फायदा घेतला. पुढचं सगळं काम मात्र त्यांच्याकडेच केलं आणि प्रत्येक संदर्भ हातात घेऊनच गेले.

मागच्या थंडीत शेठ गेले. मी भेटायला गेले, त्यांच्या माणसांत बसले, चार शब्द बोलले आणि परत आले. सांगायचं ते सांगायला समोर माणूस नव्हता.

यंदा पिंपळवंडीची माझी एक विद्यार्थिनी प्रबंधाचं प्रकरण घेऊन आली. मी शेवटची पानं आधी घेतली. यादीत तोच जुना लेख होता, कॉमासकट. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हा हातात घेतलायस का?"

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या निबंधात व्हता ना. म्हटलं, तुमी घेतलाच आसंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसता विश्वास होता. मला मनापासून लाज वाटली. त्याच आठवड्यात मी पुण्याला जाऊन तो खंड काढायला लावला. सांगितलेल्या पानांवर तळ्यातल्या माशांविषयीचा लेख होता. अख्ख्या खंडात कुंपणाचं नावही नव्हतं. मी कपाटातला माझा अंक काढला. पुसलेल्या गोलाचा वळ कागदावर अजून दिसत होता. नियतकालिकाच्या संपादकांना चूक कळवली, त्या दोन पानांतलं विधान मागे घेतलं. त्यांनी पुढच्या अंकात बारीक टाइपात चार ओळींचं शुद्धिपत्र छापलं. त्यातले कॉमा मी पट्टी लावून तपासले.

संवत्सरीला फोन येणार नव्हता, म्हणून मीच दुकानात लावला. आता त्यांची सून दुकान बघते.

"मिच्छामि दुक्कडम्," मी म्हटलं. "सतरा नंबरबद्दल."

ती गोंधळली. "सतरा नंबर? मॅडम, तुमचं काय काम राहिलंय का आमच्याकडं?"

"राहिलं होतं," मी म्हटलं. "आत्ता झालं."