आमच्या वायफायचा खरा वेग

समोरच्या घरातल्या वहिनींवर मी इंटरनेट खाल्ल्याचा आळ घेतला, तोही जिन्यात, सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर. चोर हा शब्द मी वापरला नाही. त्याहून वाईट केलं, हसत हसत विचारलं.

अंबरनाथ पूर्वेला आमची जुनी तीन मजली इमारत. वहिनी आठवी-नववीच्या मुलांना फोनवरून गणित शिकवतात. मुलं बहुतेक बदलापूर गावातली. वहिनींच्या घरात मोबाइलला नेटवर्क धड मिळत नाही, म्हणून मीच म्हणालो होतो, "वहिनी, आमचं वायफाय वापरा, पुरून उरतं." पासवर्डही मीच त्यांच्या फोनात टाकून दिला. तेव्हापासून त्यांच्याकडून वाटीतून कधी उसळ, कधी वड्या यायच्या आणि वाटी आमच्याकडून काहीतरी घेऊनच परत जायची. रिकामी वाटी परत करायची नाही, हे दोन्ही घरांत कुणी न सांगता पाळलं जायचं.

दिवाळीत साडूंची मुलं आली. त्यांनी राउटर उलटा केला, खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड वाचला आणि तासाभरात घरातला प्रत्येक पाहुणा आमच्या वायफायवर. मला ते खुपलं. पाहुणे गेल्यावर मी राउटर उचलला, टीव्हीखालच्या पत्र्याच्या कपाटात ठेवला, वायर मागच्या भोकातून आत घेतली आणि कुलूप लावलं. किल्ली पाकिटात.

त्यानंतर माझी घरून काम करायच्या दिवशीची मीटिंग अडखळायला लागली. साहेबांचा चेहरा अर्धा हलायचा, अर्धा थांबायचा. कनेक्शन शंभर एमबीपीएसचं, पण फोनवर स्पीड टेस्ट लावली तर सहा. दुसऱ्या साइटवर अकरा. गॅलरीत चार. कंपनीला फोन केला तर तिथली बाई म्हणाली, "सर, आमच्याकडे पूर्ण शंभर दाखवतंय." तुमच्याकडे दाखवणारच, मी मनात म्हटलं. पेपर काढणारे तुम्ही, तपासणारेही तुम्हीच.

मग मी वहीत आकडे लिहायला लागलो. दुपारी चारला वहिनींचा क्लास चालू असताना सहा, क्लास संपल्यावर नऊ. मला पुरावा मिळाला. भिंतीला कान लावून मी ऐकलंही, हे लिहिताना लाज वाटते. पलीकडून वहिनी मुलांना सारख्या विचारत होत्या, "आवाज येतोय का रे? माझा आवाज येतोय का?" त्यांचाही क्लास अडखळत होता. मी ते ऐकलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. मला अर्थ नको होता, माणूस हवा होता.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी जिन्यात पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते. वहिनी दार उघडून बाहेर आल्या.

"काय वहिनी," मी म्हटलं, "क्लासच चालतो ना आमच्या वायफायवर? की संध्याकाळचे पिक्चरपण?"

सेक्रेटरी हसले. "काय राव, मग तिकीट लावा की दारावर!"

वहिनी हसल्या नाहीत. "भाऊजी, बंद करा," एवढंच म्हणाल्या.

मी पासवर्ड बदलला. तेव्हापासून त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर, जिथे नेटवर्क मिळतं, फोन मांडीवर धरून गणित शिकवायला लागल्या. येणारे-जाणारे मधून जायचे. दोन मुलांनी क्लास सोडला, हे बायकोकडून कळलं. आणि आमची वाटी परत आली. घासूनपुसून, कोरडी, रिकामी.

स्पीड मात्र सहाच. आता मला कंपनीचा संशय, राउटरचा संशय, टेस्टच्या साइटचाही संशय. नवा राउटर घ्यायला उल्हासनगरला गेलो. म्हातारे सिंधी दुकानदार. मी सगळी वही त्यांच्यापुढे उघडली. त्यांनी दोन पानं पाहिली आणि मिटली.

"साईं, ये सब फोनवरचं आहे. ह्यात काय समजणार? लॅपटॉपला सीधा वायर लावा राउटरपासून. घरातले सगळे फोन वायफायवरून काढा. मग टेस्ट करा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकाच साइटवर. शंभरच्या आसपास आलं तर कंपनी ठीक, गडबड आपल्या घरात. नाही आलं तर कंपनीशी भांडा."

"आणि नवा राउटर?"

"नंतर. राउटर ठेवता कुठे?"

"हॉलमध्ये," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

विकायला बसलेला माणूस विकत नाही, म्हणजे यातही काहीतरी असणार, असं वायर घेऊन परत येताना वाटत राहिलं.

घरी कपाटाचं कुलूप काढलं, वायर लावली. सत्त्याण्णव. दुपारी अठ्ठ्याण्णव. संध्याकाळी पुन्हा सत्त्याण्णव. मग वायर काढून फोन हातात घेतला. कपाटाचं दार उघडंच होतं. साठ. दार लावलं. सहा. उघडलं. साठ. मी ते दार किती वेळा उघडलं-लावलं, आठवत नाही.

बायको मागे उभी होती. "अहो, कुलूप लावलंत ना तुम्ही? मग नेटही आतच कोंडलं."

राउटर पुन्हा टीव्हीच्या वर ठेवला. स्टिकर वर करून, पासवर्डही पुन्हा त्यावरचाच केला. बायको म्हणाली, "मी सांगून येऊ का त्यांना?" मी नको म्हटलं. शिराही मीच केला. तळाला लागला, तरी तोच वाटीत भरला.

क्लास संपेपर्यंत खालच्या पायरीवर थांबलो. सेक्रेटरी वर येत होते, त्यांनाही थांबवलं. "दोन मिनिटं थांबा. त्या दिवशी तुमच्यासमोर बोललो होतो."

वहिनींनी फोन खाली ठेवला. वाटीकडे पाहिलं, घेतली नाही.

"वहिनी, तुम्ही काहीच केलं नव्हतं. राउटर मी पत्र्याच्या कपाटात कोंडून ठेवला होता, कुणी पासवर्ड वाचू नये म्हणून. स्पीड त्याने गेला. तुमचा क्लास अडखळत होता तोही माझ्यामुळेच, आणि मी ते भिंतीपलीकडून ऐकत होतो. पुन्हा आमचं वायफाय वापरा असं म्हणायचं तोंड मला नाही. गेलेल्या दोन मुलांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगेन की चूक माझी होती. मला माफ करा."