घरी जेवायला कोण आहे?

दॉन्या एतेल्विना पिंतादोच्या गाळ्यासमोर उभं राहून कुणी नुसतं "बटाटे द्या" म्हटलं, तर ती तराजूला हातच लावत नसे. आधी दोन्ही हात कमरेवर जात, मग गवती टोपी जरा मागे सरके आणि मग प्रश्न येई, "घरी जेवायला कोण आहे?"

क्वेंका शहरात नवीन आलेल्या माणसाला वाटे, बाई भोचक आहे. जुन्यांना माहीत होतं, की उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. घरात तान्हं आहे का, कुणी पोटुशी आहे का, म्हाताऱ्याची साखर किती, पोरगी परीक्षेला बसलीय का, हे सगळं ऐकून घेतल्यावर मग ती भाजी निवडायला घेई. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं निवडलेलं तिला मुळीच खपत नसे. चौतीस वर्षं हाच गाळा आणि हाच हेका.

त्या दिवशी रोसियो आली होती. तरणीताठी, कायम घाईत.

"दॉन्या, बटाटे द्या. मोठे बघून."

"घरी जेवायला कोण आहे?"

"तेच की. नवरा, दोन पोरं, सासरे."

"सासऱ्यांची साखर?"

"वाढलीय जरा."

"वाढलीय, आणि तू त्यांना बटाटे घालणार. सोबत भात. भातावर शेवया. पांढऱ्यावर पांढरं आणि त्याच्यावर परत पांढरं! ताट आहे की दवाखान्यातली चादर?"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. रोसियो लाजली, पण पिशवी पुढे केली. एतेल्विनानं बटाटे निम्मे केले. बाकल्याची एक शेंग मोडून तिचा 'कट्' असा आवाज ऐकला, मगच बाकीच्या शेंगा पिशवीत टाकल्या. पाल्यासकट गाजरं घेतली, कारण पाला ताजा असला की गाजर खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. लाल भोपळ्याची फोड, गच्च गड्ड्याची ब्रोकोली, दोन लिंबं. पिशवीत डोकावून रंग मोजले. मग सगळं झाल्यावर पालकासारख्या चार्डच्या रुंद पानांची एक जुडी वरून खोचली.

"पाला नको, दॉन्या. आमच्याकडे कुणी खात नाही."

"मी विकतेय का तुला? यापा आहे हा."

यापा म्हटल्यावर रोसियोनं पिशवी उचलली. यापा म्हणजे सौदा झाल्यावर विकणारीनं आपल्या खुशीनं वर घातलेलं. आमच्या बाजारात तो नाकारत नाहीत. यापा नाकारणं म्हणजे नातंच नाकारणं, आणि नातं इथे फार जपतात. विकणारी घेणारीला 'कासेरा' म्हणते, घेणारीही विकणारीला 'कासेरा'च म्हणते, पुरुष असला तर तो 'कासेरो', आणि आपली कासेरा सोडून दुसरीकडून कोथिंबिरीची काडी जरी घेतली तरी वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. बाकीच्या बायका यापा म्हणून एखादा बटाटा नाहीतर कांदा टाकत. एतेल्विना मात्र त्या घरात जे कुणी मागत नाही, पण ज्याची सगळ्यांत जास्त गरज आहे, तेच यापा म्हणून घालायची. अशी ती गेली कित्येक वर्षं अर्ध्या क्वेंकाला गपचूप पालेभाजी खाऊ घालत होती. मला तर ही सगळ्या बाजारातली सर्वांत गोड दांडगाई वाटते.

आता हिचं स्वतःचं जेवण सांगतो. दुपारी दोन वाजले की शेजारच्या गाळ्यावरची लुसमिला उकडलेल्या पांढऱ्या मक्याचा वाडगा पुढे करायची. त्यात एक बटाटा, वर चिमूटभर मीठ. सोबत पाव, आणि पावावर कॉफी. संध्याकाळी बसनं अर्ध्या तासावरच्या गावी घरी गेली की पुन्हा पाव आणि कॉफी. नवरा वारला होता, दोन्ही लेकी न्यूयॉर्कला होत्या, आणि एकटीसाठी चूल कोण पेटवणार? हा प्रश्न ती स्वतःला विचारायची आणि उत्तराची वाट न बघता किटली चढवायची.

चूल पेटत नसली तरी घरी जाताना तिच्या पाठीवर मोठं गाठोडं असे. दिवसभर बिटांची, मुळ्यांची तोडलेली पानं, राजगिऱ्याचा न खपलेला पाला, ब्रोकोलीचे कोवळे दांडे. हे सगळं कुईंसाठी. आमच्याकडे घरोघरी कुई पाळतात, सशाहून लहान, गुबगुबीत, दिवसभर 'कुई कुई' करणारे. हिच्याकडे सव्वीस होते. अंगावर अशी चकाकी, की गावातल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. पाला हे कुईंचं अन्न, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईनं. गिऱ्हाइकाला ती बिनदिक्कत पाला खायला लावायची, पण स्वतःच्या घरात तो कुईंच्या हद्दीत जायचा. ह्यात काही चुकतंय, असं तिच्या मनातही कधी आलं नाही.

मग एका मंगळवारी गाजरांचं पोतं उचलताना ती तिथेच खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी. लुसमिलानं आरडाओरडा करून चार माणसं जमवली आणि तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, एतेल्विनाच्या धाकट्या लेकीएवढी. तिनं रक्त तपासलं, पुढच्या आठवड्यात पोटाच्याही तपासण्या केल्या आणि कागद समोर घेऊन बसली.

"रक्त नऊवर आलंय. बारा तरी हवं. पोटात काही बिघाड नाही, आतून रक्तही जात नाहीये. बिघाड ताटात आहे. काय खाता तुम्ही?"

"माझा भाजीचा गाळा आहे, डॉक्टर!" एतेल्विना ताठ झाली.

"विकता काय ते नाही विचारलं. खाता काय?"

एतेल्विनानं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"आणि ती बिटाची पानं, राजगिऱ्याचा पाला? तो कोण खातं?"

"कुई."

"त्यांची तब्येत कशी आहे?"

"देवाच्या कृपेनं झकास."

"मग त्यांना पाठवा माझ्याकडे. त्यांच्या कागदावर लगेच सही करते," डॉक्टरीण म्हणाली, पण हसता हसता तिनं पेन बाजूला ठेवलं.

खरी गोम तिथेच होती. बाजारात गाळा ठेवायचा तर दरवर्षी तब्येतीचा दाखला लागतो. दाखला नसेल तर गाळा वाट बघणाऱ्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला जातो. दाखल्याला तीन महिने उरले होते, आणि पोती उचलताना पडणाऱ्या बाईच्या कागदावर सही करायला डॉक्टरीण तयार नव्हती. गोळ्या लिहून दिल्या. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या म्हणाली, जेवणाला लागून कॉफी नको म्हणाली, डाळी आणि हिरवा पाला रोज ताटात हवा म्हणाली. हे सगळं एतेल्विना स्वतः गिऱ्हाइकांना सांगायची. ऐकताना तिचे कान लाल झाले.

गाळा गेला तर करायचं काय? त्या रिकाम्या घरात दिवसभर बसून कुईंशी बोलायचं? ही भीती होतीच. पण त्याहून जास्त होती ती लाज. अख्ख्या शहराला ताट शिकवणारी बाई रक्त नाही म्हणून पडली, हे गिऱ्हाइकांना कळलं तर तोंड कुठे लपवायचं? तिनं लुसमिलाला मेरी मातेची शपथ घातली, की कुणाला सांगशील तर बघ. गोळ्या घेतल्या, पण दुपारच्या कॉफीबरोबर, सवयीप्रमाणे. जेवण तेच. दीड महिन्यानं रक्त साडेनऊ निघालं, आणि डॉक्टरीण यावेळी हसली नाही.

तो गुरुवार होता, म्हणजे दॉन बेलिसारियो ओचोआचा वार. दॉन बेलिसारियो गवती टोप्यांना आकार देणारा कारागीर, वय सत्तर, स्वभाव तोलूनमापून. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. त्यानंतर पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा ह्याच गाळ्यापुढे उभा राहून त्यानं एक कांदा मागितला होता. एतेल्विनानं नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला होता, "आता कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?" एतेल्विना त्याच्यावर खेकसली होती. "तुम्ही भूत आहात का? भूत असाल तर कांदा कशाला हवा?"

आणि मग तिनं एका माणसाच्या मापाची पिशवी भरली होती. मूठभर मसूर, एक गाजर, भोपळ्याची चार बोटं फोड, वर यापा म्हणून राजगिऱ्याचा पाला. सूप कसं करायचं तेही तिथेच उभं करून शिकवलं होतं. तेव्हापासून त्याचा एक गुरुवार चुकला नव्हता.

ह्या गुरुवारी तो आला तेव्हा एतेल्विना पालथ्या खोक्यावर बसली होती. ओठ पांढरे.

"काय झालं, कासेरा?"

"काही नाही. झोप झाली नाही. बोला, पालक चांगला आलाय."

लुसमिलाला राहवलं नाही. मक्याच्या पातेल्यावर झाकण आदळून ती म्हणाली, "झोप कसली डोंबलाची! रक्त नाहीये हिच्या अंगात. डॉक्टरीण दाखल्यावर सही करत नाही. दीड महिन्यात गाळा जाणार हिचा, आणि ही बया माझ्याकडची कॉफी ढोसतेय! घातलेली शपथ गेली चुलीत."

"लुसमिला!"

"मारतेस? मार. उठून मार आधी."

एतेल्विनाला उठवेना. रोसियो तिथेच उभी होती, आणखी दोघी होत्या. सगळ्यांनी ऐकलं. एतेल्विनानं टोपी कपाळावर ओढून घेतली. आता ह्या हसतील, असं तिला वाटलं. कोणी हसलं नाही.

दॉन बेलिसारियोनं आपली पिशवी खाली ठेवली. गाळ्याला वळसा घालून तो आतल्या बाजूला आला, जिथे चौतीस वर्षांत गिऱ्हाइकानं पाय ठेवला नव्हता. तिच्यासमोर उभं राहून त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले, अगदी तिच्यासारखे, आणि विचारलं, "घरी जेवायला कोण आहे?"

"चेष्टा पुरे, दॉन बेलिसारियो."

"चेष्टा नाही. घरी जेवायला कोण आहे?"

तिनं टोपीची कड चाचपली. मग म्हणाली, "कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? तुम्ही भूत आहात का?"

एतेल्विनानं मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय ते लुसमिलाला आधी कळेना. दोन्हीही होतं.

मग त्यानं निवडायला घेतलं. हात सावकाश चालत होते, पण चूक एकही नाही. मसूर, बाकल्याच्या शेंगा, आणि शेंग मोडून कान लावून ऐकली. पाल्यासकट एक गाजर, ब्रोकोलीचा लहान गड्डा, लिंबं. पिशवीत डोकावून रंग मोजले. त्याचे पैसे तिच्याच गल्ल्यात टाकले. शेवटी खाली वाकून कुईंच्या गाठोड्यातून बिटाच्या पानांची जाडजूड जुडी उपसली आणि वरून खोचली.

"ती कुईंची आहे," एतेल्विना पुटपुटली.

"यापा आहे," दॉन बेलिसारियो म्हणाला.

सगळा बाजार बघत होता. तिनं पिशवी घेतली.

त्या संध्याकाळी चूल पेटली. बिटाची पानं लसणीवर परतली, वर लिंबू पिळलं, शेजारी मसुराचं सूप. पहिला घास तिनं जरा घाबरतच घेतला. पानं चवीला चांगली होती, आणि ह्याच गोष्टीचा तिला सगळ्यांत जास्त राग आला. इतकी वर्षं सव्वीस कुई आपल्याला बनवत होते! पलीकडे ते कोरडा चारा चघळत तक्रार करत होते. "ओरडा," ती त्यांना म्हणाली, "फार चैन झाली तुमची."

दुसऱ्या दिवसापासून लुसमिलानं तिला दुपारची कॉफी द्यायचं बंद केलं. गोळीबरोबर लिंबूपाणी, आणि कॉफी चार वाजता, तीही भांडल्यावर. रोसियो घरून वाटीभर चार्डची भाजी घेऊन आली. "सासरे आता मागून खातात," म्हणाली, "बघा तुम्हाला जमतेय का." आणि दॉन बेलिसारियो दर गुरुवारी आत येऊन तिची पिशवी भरू लागला. लुसमिला डोळे मिचकावून म्हणायची, "ह्याला आता आपल्यासारखा एक पोलेरा घागरा शिवून देऊया, गाळ्यावर शोभेल." त्यावर तो गंभीरपणे म्हणायचा, "निळा शिवा."

दीड महिना गेला. सोमवारी डॉक्टरिणीनं कागद बघितला, चष्मा काढला, परत लावला. "बारा पॉइंट दोन. काय केलंत?"

"माझ्या कासेरोनं भाजी निवडून दिली," एतेल्विना म्हणाली. डॉक्टरिणीनं सही केली आणि गोळ्या एवढ्यात सोडू नका म्हणून बजावलं.

गुरुवारी दॉन बेलिसारियो आला तेव्हा दाखला तराजूच्या वर खिळ्याला टांगलेला होता. त्यानं तो शेवटपर्यंत वाचला, टोपी काढून लुसमिलापुढे मान झुकवली, टोपी घातली, आणि नेहमीप्रमाणे आत यायला निघाला. एतेल्विनानं हात आडवा केला. तिनं स्वतःची पिशवी आधीच भरून खोक्यावर ठेवली होती. हिरवं, नारिंगी, लाल, मसुराची पुडी, आणि सगळ्यांत वर बिटाची पानं. कुईंचं गाठोडं त्या मानानं लहान दिसत होतं.

दॉन बेलिसारियोनं पिशवीत डोकावून बराच वेळ रंग मोजले. चूक सापडत नाही म्हणून तो थोडा हिरमुसला.

"घरी जेवायला कोण आहे?" त्यानं विचारलं.

एतेल्विनानं टोपी मागे सारली.

"मी आहे," ती म्हणाली.