हजर असलेली गैरहजर मुलगी

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

दिग्रसजवळच्या एका शाळेत मी निवृत्तीनंतर इंग्रजी शिकवायला जाते. आज आठवीतली पूजा हुंदके देत होती. हजेरीच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही, आणि वडिलांच्या मोबाइलवर रोज मेसेज जातो: आपला पाल्य गैरहजर आहे.

"बाबा म्हणते, तू शाळंत जातच नाहीस, तं वेचणीलेच चाल."

कापसाला भाव नाही, मजूर परवडत नाहीत, म्हणून पूजा शाळेआधी कापूस वेचते. वाळल्या बोंडांनी बोटं पार सोलली आहेत. मशीनला अंगठा दिसणार कुठून?

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, सिस्टीम खोटं बोलत नाही."

"मग ही समोर बसलेली काय भूत आहे? लावा तिच्या वडिलांना फोन!"

त्यांनी लावला. पोरगी रोज येते, असं सांगितलं.

पलीकडून उत्तर आलं, "सर, तुमी तिले वाचवून राह्यले. मशीन कायले खोटं बोलन?"

पूजाने दप्तर भरलं.

मशीनच्या उद्घाटनाचे फोटो लाइक करणाऱ्यांनो, तिच्या वडिलांना समजवायला सकाळी माझ्यासोबत कोण येतं? नाहीतर उद्यापासून मशीन खरं बोलेल.